रोझवाल्डांची उलटी ढाल

१

येस्त्रेबीनच्या गडावर काही हरवलं, मोडलं किंवा बिघडलं, की पहिला निरोप खाली गावात कुक्ला मास्तरांना जातो. पोलिसांना त्यानंतर, आणि तेही मास्तर म्हणाले तर. त्या शुक्रवारी मात्र गडाची व्यवस्थापक मिलादा निरोप न पाठवता स्वतःच टेकडी उतरून आली. मास्तर गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते.

"मास्तर, ढाल सरळ झाली," ती दारातूनच म्हणाली.

"कुठली ढाल?"

"शेवटची. काउंट फेलिक्सची."

मास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. "वाऱ्यानं हलली असेल."

"ढाल आहे मास्तर, टोपी नाही. काल पाच वाजता मी स्वतः चॅपेलला कुलूप घातलं तेव्हा उलटी होती. आज साडेआठला उघडलं तर सरळ."

रोझवाल्ड घराण्यानं हा गड सहाशे वर्षं राखला. घरातला धनी गेला की ससाणा रंगवलेली एक लाकडी ढाल चॅपेलच्या भिंतीवर चढायची. पहिली ढाल गडाचा बुरूज बांधणाऱ्याची, सातवी स्वीडिश फौजेला तीन महिने झुलवणाऱ्याची, पंधरावी शिकारीत रानडुकरानं मारलेल्याची, अशा वीस ढाली ओळीनं सरळ होत्या. एकविसावी तेवढी उलटी, ससाण्याचे पाय वर आणि चोच खाली. या मुलखात वंश संपला की शेवटच्या धन्याची ढाल उलटी टांगतात. सत्ता बदलली, गड सरकारजमा झाला, आणि एकोणपन्नासच्या वसंतात चोवीस वर्षांचा फेलिक्स सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पळताना गोळी लागून नदीत गेला. प्रेत मिळालं नाही, फक्त कोट मिळाला. गावाच्या बखरीत तेवढीच नोंद होती. बखर आता मास्तर लिहायचे, त्यामुळे ती त्यांना पाठ होती.

"लांगरवकील काय म्हणतो?" मास्तरांनी तोंड पुसत विचारलं.

डॉक्टर लांगर बुधवारपासून गडावर ठाण मांडून होता. सरकार आता जुन्या मालकांना गड परत देत होतं, आणि व्हिएन्नाचा कुणी लांबचा चुलतभाऊ, वंश संपला म्हणून, येस्त्रेबीनवर हक्क सांगत होता.

मिलादानं मान खाली घातली. "म्हणतो, चॅपेलच्या किल्ल्या दोघींकडेच. एक माझ्याकडे, एक हेड्विकाबाईंकडे. मी तर सरकारी माणूस. म्हणजे हक्कात खोडा घालायला हे म्हातारीनंच केलं. तीन वाजता तो प्रागला फोन करणार आहे. त्यांना दरवाजाजवळची खोली सोडायला लावतो म्हणतो."

मास्तरांनी अर्धी दाढी तशीच ठेवून कोट चढवला.

२

हेड्विका गडाच्या धोबिणीची मुलगी. दरवाजाजवळच्या त्याच खोलीत जन्मली, आता पासष्ट वर्षांची होती आणि गडाचे पडदे, चादरी, वेदीवरची कापडं अजून तिच्याच हातून धुतली जात. कुक्ला मास्तर एकोणसाठ साली बदलीवर गावात आले आणि तिच्यापायी पुढची प्रत्येक बदली नाकारत राहिले. तीनदा त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "मास्तर, कॉफी निवतेय." एका मेलेल्या माणसाशी, तिच्या फेलिक्सशी, मास्तर तीस वर्षं झगडत होते, आणि मेलेला माणूस म्हातारा होत नाही, घोरत नाही, त्याचे केसही गळत नाहीत.

पण काल गुरुवार होता. दर गुरुवारी मास्तर गडावर जात. काल दोघं धुण्याच्या चौकात बाकावर बसून मुरांब्यासाठी आलुबुखारांच्या बिया काढत होती. मास्तरांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबाची खुर्ची मोडल्याची जुनीच गोष्ट सांगितली आणि हेड्विका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मास्तरांनी चौथ्यांदा विचारलं. तिनं हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "पुढच्या गुरुवारी विचारा."

म्हणून शुक्रवारी सकाळी टेकडी चढताना मास्तर दम घ्यायला एकदाही थांबले नाहीत.

चॅपेलमध्ये लांगर हाताची घडी घालून उभा होता. तरुण, गुळगुळीत, बुटांवर मोठमोठे नमद्याचे सपाते चढवलेला. फरशीला ओरखडे नकोत म्हणून गडावर प्रत्येकाला ते चढवावे लागतात, मग तो वकील का असेना.

"तुम्हीच ते गावठी गुप्तहेर?" लांगर म्हणाला.

"मी निवृत्त मास्तर. तुम्ही काल संध्याकाळी कुठे होतात?"

"खाली खानावळीत. साक्षीदार हवेत? वीस आहेत, बियर पिणारे."

"मग दोष काढत बसू नका, ढाल धरा जरा."

बाकावर उभं राहून दोघांनी ढाल उतरवली. लिंडन झाडाच्या हलक्या लाकडाची होती, एकट्या माणसालाही फिरवता आली असती. मास्तरांनी ती पालथी केली आणि बराच वेळ मागची बाजू न्याहाळली. मग उठून इतर ढालींच्या मागे एकेक करून बोट घालून पाहिलं. वीसही ढालींना वरच्या कडेला एकेकच कडी होती. या ढालीला दोन. एक खालच्या टोकाला, जिच्यावर ती उलटी टांगलेली असायची, आणि एक वर. दोन्ही सारख्याच गंजलेल्या, एकाच घडणीच्या.

"काय दिसलं?" लांगरनं विचारलं.

"गंज," मास्तर म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी मिलादाला विचारलं, "काल शेवटच्या फेरीतलं कुणी आत राहिलं असेल का?"

"अकरा जोड सपाते दिले, अकरा परत आले. मी माणसं मोजत नाही मास्तर, सपाते मोजते. माणसं हलतात." तिनं सपात्यांच्या पेटीकडे बोट दाखवलं. "एका म्हाताऱ्या गृहस्थानं तर जोड लावून, टाचा भिंतीकडे करून पेटीत ठेवले. परदेशी कपडे, उंच, पण आपली भाषा बोलत होते. जुन्या वळणाची, अदबशीर. दोन चाळीसची गाडी अजून स्टेशनावर थांबते का, एवढंच विचारलं."

"कालच्या गाडीचं?"

"नाही, आजच्या. रात्री स्टेशनच्या खानावळीत राहणार म्हणाले."

मास्तरांनी मान डोलावली आणि ते विसरूनही गेले, कारण तेवढ्यात उघड्या दारातून त्यांची नजर चॅपेलच्या सज्जाकडे गेली होती. सज्जातलं छोटं दार उघडं होतं, आणि उंबऱ्यावर पांढरं काहीतरी सांडलं होतं.

३

ते दार नोकरांच्या जिन्याचं. धुण्याच्या चौकातून निघून गोल फिरत तो थेट घराण्याच्या सज्जात येतो, तिथून खाली चॅपेलमध्ये उतरता येतं, आणि या वरच्या दाराला कधीच कुलूप नसतं. काल दुपारी चार वाजेपर्यंत रंगाऱ्यांनी त्याला चुना लावला होता आणि वाळायला म्हणून एरवी कुलपात असलेलं खालचं दार उघडं ठेवून ते गेले होते. किल्लीचा सगळा प्रश्नच मिटला. मास्तरांना हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. आता तर ढाल कुणीही फिरवलेली असू शकत होती.

पायऱ्यांवर भिंतीवरून झडलेल्या चुन्याचा पातळ थर होता. त्यात कुणीतरी वर गेल्याच्या आणि खाली आल्याच्या खुणा होत्या, एकमेकींवर पडून फरफटलेल्या. बुटाचं माप कळत नव्हतं. मास्तर खालून एकेक पायरी बघत वर चढले. नवव्या पायरीवर थांबले.

नववी पायरी कोरी होती. तिच्यावरचा चुना कुणी मोडलाच नव्हता, चढताना नाही आणि उतरतानाही नाही.

वर पोचल्यावर सज्जातल्या बारीक खिडकीपाशी त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. काचेवर चुना उडाला होता, आणि त्यात हातानं पुसलेला एक स्वच्छ गोल होता. मास्तरांच्या टाळूच्याही वर. त्यांनी तो पाहिला आणि तूर्त सोडून दिला.

हेड्विका खालीच, चौकाला लागून असलेल्या धुण्याच्या खोलीत वेदीच्या कापडाला इस्त्री करत होती. मास्तर दारात उभे राहिले तरी तिनं वर पाहिलं नाही.

"तुम्हीही विचारणार का आता?" ती म्हणाली. "त्या गुळगुळीत पोरानं दोनदा विचारलं."

"विचारावं लागेल, हेड्विकाबाई."

"मला ती सरळ करायची असती तर त्रेचाळीस वर्षं थांबले असते का? ती उलटी बघूनच तर मी जगायला शिकले. रोज सकाळी बघायची, कळायचं, गेला. मग दिवस सुरू." इस्त्री एका जागी जास्त वेळ राहिली, तिनं ती पटकन उचलली. "आज सरळ पाहिली आणि तिथंच खाली बसले मी. असली थट्टा कोण करतं मास्तर? तेव्हा पोलिसांनी अकरा दिवस कोंडून ठेवलं होतं मला. कुठं पळाला, कुठल्या वाटेनं, कुणी मदत केली. मला ठाऊकच नव्हतं, सांगणार काय? म्हणाला होता, पोचलो की तुला बोलावून घेतो. मग नुसता कोट आला."

मास्तरांना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. त्यांनी तो खिशात ठेवला.

"जरा जिना चढून दाखवता?"

"चढून दाखवू? मी काय सर्कशीत आहे?" पण ती उठली. मास्तर खालून बघत राहिले. सातवी, आठवी, आणि मग नववीवर तिचा पाय बिनदिक्कत पडला.

"ही पायरी ओलांडायची नसते का?"

"चोरपायरी? अहो, ती एकसष्टला सिमेंटनं पक्की केली. त्याआधी सगळेच ओलांडायचे. सुटा दगड होता, पाय पडला की खडखडून वर बुरजात ऐकू जायचं. परका माणूस आला की कळावं म्हणून कुठल्यातरी रोझवाल्डनं बसवला होता. घरातली पोरं चालायला लागली की आधी हेच शिकायची." ती कमरेवर हात ठेवून वरून म्हणाली. "आता बादली घेऊन तीस वर्षं चढतेय, गुडघे बोलतात. उगाच लांब टांग कशाला टाकू?"

मास्तरांनी मिलादालाही चढायला लावलं. तिचाही पाय नववीवर पडला. तिला तर चोरपायरी होती हेच ठाऊक नव्हतं.

मास्तर चौकातल्या बाकावर जाऊन बसले. एकसष्टच्या आधी या जिन्याची सवय लागलेलं आणि एकसष्टनंतर त्यावर कधीच न चढलेलं माणूस. असं माणूस त्यांना एकच सुचत होतं, आणि ते तर नदीत गेलं होतं.

४

वाव्रा सुतार अठ्ठ्याहत्तरचा. खालच्या दरवाजापाशी त्याची कर्मशाळा होती आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून पाच वर्षांत तो गडावर चढला नव्हता. मास्तर आत आले तेव्हा तो रंधा मारत होता.

"वाव्रा, फेलिक्सची ढाल तूच केलीस ना?"

"मी आणि माझ्या बापानं. का?"

"उलट्या ढालीला वर कडी कशाला बसवलीस?"

रंधा थांबला. लाकडाची साल पात्यावर तशीच वळून राहिली.

"ही कायमची उलटी राहणार अशी ज्याला खात्री असते," मास्तर म्हणाले, "तो खालच्या टोकाला एक कडी बसवून मोकळा होतो. तू दोन बसवल्यास. तुला तेव्हाच ठाऊक होतं की ती कधीतरी सरळ करावी लागेल."

म्हातारा स्टुलावर बसला. त्यानं हातावरचा भुसा झटकला.

"मीच त्याला नदीपलीकडे नेलं," तो अखेर म्हणाला. "कोट फाडून, रक्त लावून पाण्यात सोडला. म्हटलं, तुझी ढाल उलटी टांगतो, चर्चमध्ये तुझ्या नावानं मृतांची मिस्सा म्हणवतो, म्हणजे पोलिसांची कुत्री माघारी फिरतील. वर कडी ठेवतो. कधी आलास तर तुझ्या हातानं सरळ कर."

"आणि हेड्विका?"

"अकरा दिवस ठेवली होती तिला. ठाऊक असतं तर बोलली असती, नाहीतर मेली असती."

"बाराव्या दिवशी सांगायचंस."

"सांगणार होतो. मग वाटलं, पोलिसांची नजर हटू दे. मग वाटलं, त्याचं पत्र येऊ दे. आलंच नाही. मग दर वर्षी सांगणं आणखी जड होत गेलं." वाव्राचे डोळे ओले झाले. "तिच्यासमोरून जाताना मी त्रेचाळीस वर्षं टोपी काढतो, मास्तर. तिला वाटतं मी सभ्य आहे."

मास्तरांना त्याचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच वेळी, मनाच्या एका फार नीच कोपऱ्यात, त्यांना त्याचे आभार मानावेसे वाटले. तीस वर्षांचे गुरुवार त्यांना याच गप्प बसण्यातून मिळाले होते.

"तो आलाय का?" वाव्रानं विचारलं. "माझ्याकडे नाही आला."

"काल शेवटच्या फेरीत आला होता, मिलादाशी बोललाही. आज दोन चाळीसच्या गाडीनं जाणार आहे."

"न भेटता? का?"

 मास्तर धडपडत पुन्हा वर गेले, जिना चढून सज्जात आले, प्रार्थनेला गुडघे टेकायचा एक ठोकळा ओढून त्यावर उभे राहिले आणि काचेवरच्या त्या गोलाला डोळा लावला.

खाली धुण्याचा चौक दिसत होता, आणि चौकाच्या मधोमध बाक.

फेरीबरोबर तो बाहेर पडला होता, आणि चौक रिकामा असताना उघड्या जिन्यानं परत आला होता. आधी ढाल सरळ केली असणार, मग खाली उतरून तिला शोधायचं असणार. उतरण्याआधी खिडकीतून पाहिलं, आणि त्याला दिसली हसून हसून डोळे पुसणारी हेड्विका, शेजारी एकाच परातीत हात घातलेला टकला म्हातारा. कुणालाही तो नवरा वाटला असता. ती दोघं उठून गेल्यावर तो गुपचूप उतरून निघून गेला असणार. मास्तरांना स्वतःलाही काल घटकाभर तसंच वाटलं होतं.

बुरजावरचं घड्याळ एक वीस दाखवत होतं. खाली जिन्याच्या तोंडाशी, पाच वर्षांत पहिल्यांदाच गड चढून आलेला वाव्रा वाट अडवून उभा होता.

"तू गप्प बसलास तर कुणालाच कळणार नाही, मास्तर," तो हळूच म्हणाला. "गडावर सगळ्यांना ठाऊक आहे तुझा गुरुवार. मीही तोंड उघडणार नाही. मला सवय आहे."

मास्तर त्याला बाजूला सारून धुण्याच्या खोलीकडे निघाले.

५

हेड्विकानं सगळं उभ्यानं ऐकलं. कडी, पायरी, खिडकी, गाडी. मास्तरांनी शाळेत गणित सोडवून दाखवावं तसं क्रमानं सांगितलं.

"पत्र का नाही पाठवलं?" तिनं विचारलं.

"ते त्यालाच विचारा."

"किती वाजले?"

"एक पस्तीस. उतरायला पाऊण तास लागेल तुम्हाला."

तिनं ॲप्रन सोडला, घडी केला, पुन्हा उलगडला. मग आरशात न बघताच केसांवरून हात फिरवला. दाराशी जाऊन ती थांबली.

"पुढच्या गुरुवारी मी हो म्हणणार होते. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"अंदाज होता."

"आणि तरी सांगितलंत."

"न सांगता तुम्ही हो म्हटलं असतं, तर ते मला कधीच खरं वाटलं नसतं," मास्तर म्हणाले. "जा आता. उताराला डावीकडून जा, उजवीकडे शेवाळ आहे."

ती परत आली, त्यांच्या अर्ध्या दाढी केलेल्या गालावर हात ठेवला आणि गेली. मास्तर दरवाजापर्यंत गेले नाहीत. ते चौकातल्या बाकावर बसले. काल अर्धी राहिलेली परात तिथंच होती. त्यांनी सुरी घेतली आणि एक आलुबुखार चिरलं.

दोन चाळीसला दरीतून गाडीची शिट्टी आली, थोडा वेळ काही ऐकू आलं नाही, मग गाडी निघाल्याचा आवाज आला आणि विरत गेला. टेकडीच्या वाटेवर कुणी नव्हतं. मास्तरांनी ओळीनं वीस बिया काढल्या. ती गाडीत बसून त्याच्याबरोबर गेली असेल का, एवढाच विचार ते करत होते, आणि बसली असावी असंच मनापासून म्हणत होते.

तीन वाजता लांगर आला. "मी फोन करतोय. बोला, कुणी फिरवली ढाल?"

"तिच्यावर ज्याचं नाव आहे त्यानं."

"मेलेल्या माणसानं?"

"तुमच्या अशिलाला कळवा," मास्तर म्हणाले, "की ढालीला दोन कड्या होत्या आणि जिन्याला नऊ नंबरची पायरी. त्याला कळणार नाही. तो या घरात वाढलेला नाही, हाच मुद्दा आहे."

लांगरला काही समजलं नाही, पण तो फोन न करता तिथंच घुटमळला. वकिलाला वास लवकर येतो.

चार वाजून गेले होते. आधी दरवाजाच्या कमानीत आवाज आला, मग चौकाच्या पलीकडच्या वाटेनं दोन माणसं आली. तिनं राखाडी हॅट घातलेल्या उंच म्हाताऱ्याचा हात धरला होता, की त्यानं तिचा, ते दुरून कळत नव्हतं. ती बाकाकडे आली नाहीत. त्यांना आधी वर जायचं होतं, ढालीपाशी. त्यात मास्तरांना काही वावगं वाटलं नाही. ती दोघं जिन्याच्या दारात शिरली.

जिना गोल, भिंती नुकत्या चुन्याच्या. आत बोललेलं सगळं चौकात ऐकू येतं. मास्तरांनी सुरी थांबवली आणि नकळत मोजू लागले. तिची पावलं छोटी, बारीक. त्याची जड, काठीसकट. सहा. सात. आठ. नववीवर तिचा पाय पडला, आणि मग जिन्यात अचानक काहीच ऐकू येईना.

"पाय टाक तिच्यावर, फेलिक्स," हेड्विकाचा आवाज आला. "ती आता हलत नाही. केव्हाची पक्की झाली."

"मला नाही टाकवत."

"मी आहे ना उभी हिच्यावर. टाक."

मग काठी टेकल्याचा आवाज आला, आणि एक जड पाऊल नवव्या पायरीवर पडलं. काहीच खडखडलं नाही. तो म्हातारा जिन्यात रडत होता, आणि ती त्याला काहीतरी हळू सांगत होती, ते मात्र मास्तरांनी ऐकलं नाही. त्यांनी परात आपल्याकडे ओढून घेतली. अजून आलुबुखारांची अर्धी टोपली बाकी होती.